ऑप्स नॉर्मल!

रिटायर झालेले फायटर पायलट एकमेकांशी काय बोलतात? डॉगफाइट? बॉम्ब? छे! गुडघे, गवार आणि गीझर. आणि त्यातच सगळं येतं...

समजा, हवाई दलातून रिटायर झालेले पाच पायलट गप्पा मारायला बसलेत. काय बोलत असतील? ‘टॉप गन’ पाहिला असेल, तर तुमचं उत्तर तयार असणार. गॉगल, जॅकेट, ‘मी त्याला असा मागून गाठला’ वगैरे वगैरे. सॉरी बॉस! गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी या गप्पा कानाने ऐकतेय. टॉप थ्री विषय सांगू? एक, गुडघे. दोन, हवामान. तीन, मिक्सर/गीझर/गाडी यातलं जे त्या आठवड्यात बिघडलं असेल ते.

माझे बाबा हवाई दलात हेलिकॉप्टर पायलट होते. आता विमाननगरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या मिरच्या उडवतात. म्हणजे पिकवतात. मी कोथरूडला भाड्याने राहते, रविवारी नाश्त्याला आईकडे येते. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या कोर्समेट्सचा कॉल चालू असतो. मेलबर्न अंकल, टोरांटो अंकल, दुबई अंकल आणि कोइम्बतूर अंकल. (खरी नावं आहेत त्यांना, पण आमच्या घरात गावावरूनच ओळख. फौजी घरातल्या मुलांना काका-मामा कमी आणि अंकल भरपूर असतात.) सगळे सत्तरीच्या आसपास. एके काळी खडकवासल्याच्या एनडीएत एकाच बॅरेकमध्ये घासलेले, मग हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत विमान शिकलेले. तिथून कुणी फायटर, कुणी ट्रान्सपोर्ट, कुणी हेलिकॉप्टर. निवृत्तीनंतर मुलं जिकडे गेली तिकडे यांनी तंबू ठोकले.

नऊ म्हणजे कुणाचे नऊ?

चार देशांतल्या लोकांनी एकाच वेळी भेटायचं म्हणजे काय वैताग असतो, ते तुमच्यापैकी यूएस क्लायंट असलेल्यांना माहीत आहे. ‘युअर टाइम की माय टाइम?’ यात अर्धी मेल जाते. या मंडळींचा फंडा एकदम क्लिअर. वेळ ठरते ‘झुलू’मध्ये. झुलू म्हणजे जगभरची वैमानिकी वेळ, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. यांची वेळ ०३३० झुलू. पुण्यात सकाळचे नऊ, दुबईत साडेसात. टोरांटोत शनिवारची रात्र, थंडीत साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. मेलबर्नला दुपार, जेवण नुकतंच झालेलं. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात, पण झुलू हलत नाही. कुणीही ‘अरे, मला वाटलं दहा वाजता’ म्हणत नाही. ०३३१ झाले तरी टोमणा बसतो.

आणि मग सुरुवात. दर वेळी तीच. हवामान!

पण यांचं हवामान आपल्यासारखं नसतं. आपण म्हणतो, ‘आज काय ढगाळलंय ना!’ हे लोक आकाशाचे आठ भाग करतात आणि त्यातले किती भाग ढगांनी झाकलेत ते सांगतात. त्याला म्हणतात ऑक्टा. ‘इकडे सहा ऑक्टा,’ कोइम्बतूर अंकल सांगणार. ‘वारा?’ ‘पश्चिमेचा.’ वारा कुठे जातोय ते नाही सांगायचं, कुठून येतोय ते सांगायचं. बाबा बाल्कनीत जाऊन बघून येतात आणि जाहीर करतात, ‘म्हणजे आज इथे अठ्ठावीस.’ हा आकडा लोहगावच्या धावपट्टीचा. धावपट्टीचं तोंड होकायंत्रावर साधारण २८० अंशांकडे, म्हणून अठ्ठावीस. तीच पट्टी दुसऱ्या टोकाने धरली की दहा. विमानाला उडताना आणि उतरताना समोरून वारा हवा असतो, म्हणून वाऱ्यावरून पट्टीचं टोक ठरतं. पुण्याहून बेंगळुरूची फ्लाइट पकडणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्याने काय फरक पडतो? शून्य! मेलबर्नला बसलेल्या माणसाला तर त्याहून कमी. तरीही तो विचारतो. आणि उत्तर मिळालं की समाधानाने म्हणतो, ‘रॉजर.’

(जाता जाता : ‘रॉजर’चा अर्थ ‘हो’ नाही. ‘तू बोललास ते मला पोचलं’ एवढाच. करीन असं सांगायचं तर ‘विल्को’. बाबा आईच्या प्रत्येक वाक्याला रॉजर म्हणतात, विल्को कधीच नाही. आईला हा फरक लग्नानंतर अकरा वर्षांनी कळला.)

सर ते सरच

मग टांगखेची. दुबई अंकलनी आयुष्यभर एएन-३२ उडवलं, म्हणून ते ‘ट्रकवाले’. बाबांचं हेलिकॉप्टर म्हणजे ‘अंडी फेटायचं मशीन’. मेलबर्न अंकल मिग-२१ वाले, म्हणून आपोआप भाव खाणारे. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर : ‘तू हवेत चाळीस मिनिटं असायचास, त्यात दमून जायचास. आम्ही काम करायचो.’ त्यांचं काम म्हणजे सियाचेन. १३ एप्रिल १९८४ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी बाबा लेहला होते. चीता नावाचं छोटं हेलिकॉप्टर, वीस हजार फुटांच्या आसपासची हेलिपॅड, इंजिन बंद न करता सामान टाकायचं आणि निघायचं. एवढं वाक्य मला माहीत आहे, कारण तेवढंच ते बोलतात. बाकी लेहबद्दल विचारलं की ‘तिकडचे जर्दाळू काय सुंदर होते!’ यावर गाडी जाते.

टोरांटो अंकलचंही तसंच. ते जॅग्वार उडवायचे आणि त्यातून एकदा इजेक्ट झालेत. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या सीटमुळे ज्यांचा जीव वाचला, त्यांच्यासाठी कंपनीने १९५७मध्ये ‘टाय क्लब’ काढला. त्याचा टाय अंकलकडे आहे, लाल त्रिकोण असलेला. लग्नाकार्यात तोच घालतात. मी जर्नलिस्ट, एकदा म्हटलं, ‘अंकल, सांगा ना, नेमकं काय झालं त्या दिवशी?’ ते म्हणाले, ‘बेटा, त्या दिवशी मेसमध्ये चिकन होतं. मला हॉस्पिटलची खिचडी मिळाली.’ बस्स. इंटरव्ह्यू खतम.

महिन्यातून एकदा सिकंदराबादहून ‘सर’ येतात. सर म्हणजे यांचे पहिल्या स्क्वाड्रनमधले सीनियर, पंचाऐंशीच्या पुढे. तोवर ‘अबे’, ‘साले’ चाललेलं असतं. सरांचा चेहरा स्क्रीनवर आला की चार देशांतले पाच सत्तरीचे म्हातारे एकदम ताठ बसतात. बाबा तर शॉर्टसवर शर्ट चढवून येतात. सरांना ऐकू कमी येतं. पण ‘रिपीट’ कुणीच म्हणत नाही, म्हणायचं ‘से अगेन’. कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे ‘पुन्हा त्याच ठिकाणी गोळे टाका’! सर विचारतात काय? ‘सगळे वेळेवर गोळ्या घेताय ना?’ उत्तर कोरसमध्ये : ‘येस सर!’

२६ सप्टेंबर २०२५ला चंदिगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३मध्ये तिथेच त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली होती, म्हणजे बासष्ट वर्षं. टीव्हीवर सोहळा, हवाई दलप्रमुख स्वतः उडवतायत, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. दोन दिवसांनी रविवार होता. मी वही-पेन घेऊनच बसले होते. म्हटलं, आज तरी भावना बाहेर येणार. स्टोरी पक्की!

मेलबर्न अंकल आले आणि म्हणाले, ‘पाहिलं. टायर नवे दिसत होते.’

मग वीस मिनिटं टायर. मिग-२१ ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने उतरायचं, टायरची वाट लागायची, त्या काळी कुठल्या बेसवर कुणी कसे जुगाड केले, मग बाबांच्या गाडीचे टायर, मग पुण्यातले खड्डे. कॉल संपत आला तेव्हा कोइम्बतूर अंकल सहज म्हणाले, ‘त्याचं मेस बिल आठवतं? एकशे बारा रुपये.’ कुणाचं ते बोलले नाहीत. कुणी विचारलंही नाही. मग दुबई अंकल म्हणाले, ‘माझे अठ्ठावीस होते त्यात.’ आणि सगळे ‘चलो, बाय’ करून गेले.

‘त्याचं’ म्हणजे कुणाचं, ते आईने स्वयंपाकघरात सांगितलं. यांचा सहावा. मिग-२१ घेऊन गेला तो परत आला नाही, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या नावावरचं मेसचं बिल चौघांनी वाटून भरलं, घरच्यांना कळू न देता. माझ्यापेक्षा लहान होता तो, हे गणित मी पोहे खाता खाता केलं आणि मग पोहे काही फारसे गेले नाहीत.

फावड्याची गोष्ट

आता खरं सांगते, या गप्पांचा मला राग यायचा. त्यातला थोडा अजूनही शिल्लक आहे. जानेवारी २०२४मध्ये टोरांटो आंटी गेल्या. बेचाळीस वर्षांचा संसार. पुढच्या रविवारी अंकल कॉलवर आले. सगळे गप्प. आणि मेलबर्न अंकल काय म्हणाले? ‘बर्फ किती आहे तुझ्याकडे?’

‘चौदा इंच.’

‘फावडं कुठलं वापरतोस?’

मग फावडं! प्लॅस्टिकचं की अॅल्युमिनियमचं, दांडा वाकडा घ्यावा की सरळ, इजेक्शनवाल्या पाठीला कुठला बरा. तब्बल वीस मिनिटं. मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं, थेट प्रश्न विचारा, माणूस बोलतो. इथे कुणी एवढंही विचारलं नाही की, ‘बाबा रे, कसा आहेस तू?’ कॉल संपल्यावर मी बाबांवर तुटून पडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘हवेत काही बिघडलं तर आम्हाला एक क्रम शिकवतात. आधी विमान उडवत ठेव. मग आपण कुठे आहोत ते बघ. बोलायचं सगळ्यात शेवटी. त्याला काय होतंय ते आम्हाला ठाऊक आहे गं. सध्या त्याने रोज सकाळी दारातला बर्फ काढणं महत्त्वाचं आहे.’

लॉजिक आहे. मान्य. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. कारण याच कुटुंबांत दुसरीही एक लाइन चालते, आंट्यांची. तिला ना झुलू वेळ लागते ना ऑक्टा. टोरांटो आंटींचा रिपोर्ट काय आला, त्या रात्री किती रडल्या, हे आईला सहा महिने आधीपासून माहीत होतं. पुरुष मंडळी तेव्हा कारच्या बॅटरीवर बोलत होती. रडणं बायकांच्या खात्यात टाकून स्वतः हवामान बघायचं, ही वाटणी काही मला पटत नाही. आंटी गेल्यावर ती दुसरी लाइन टोरांटोपुरती बंद पडली, आणि अंकलकडे उरलं फक्त फावडं.

जगभर असंच

पण हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धात जळालेल्या विमानांतून वाचलेल्यांवर इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडच्या हॉस्पिटलात आर्चिबाल्ड मॅकइंडो हा सर्जन उपचार करायचा. प्लॅस्टिक सर्जरी तेव्हा नवी, म्हणून पेशंट स्वतःला प्रयोगाचे उंदीर म्हणवायचे. १९४१मध्ये त्यांनी ‘गिनी पिग क्लब’ काढला. सेक्रेटरी कोण? ज्याची बोटं भाजलेली तो, म्हणजे मिनिट्स लांबलचक लिहिणार नाही. खजिनदार कोण? ज्याचे पाय भाजलेले तो, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही! चेहरे गेलेली ही मुलं असे विनोद करत होती, आणि नंतरची कित्येक दशकं, थेट २००७पर्यंत, दरवर्षी भेटत राहिली.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन वैमानिकांनी १९६७मध्ये थायलंडमध्ये मेळावे सुरू केले. त्याला ते ‘प्रॅक्टिस रीयुनियन’ म्हणायचे. प्रॅक्टिस का? तर कैदेत असलेले साथीदार सुटून आले की मगच खरं रीयुनियन. ते सुटले १९७३मध्ये. केवढी मोठी गोष्ट, आणि ती कुठे ठेवली? पार्टीच्या नावात.

मेलबर्न अंकल ज्या म्हाताऱ्यासोबत कुत्रा फिरवतात, तो ऑस्ट्रेलियन हवाई दलात मिराज-३ उडवायचा. मिग-२१ आणि मिराज, दोन्हींचे पंख त्रिकोणी, दोन्ही उतरताना भयंकर वेगात. दोघांची दोस्ती त्यावरच जमली. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाने ती मिराज विमानं निवृत्त केल्यावर १९९०मध्ये पाकिस्तानने त्यांतली पन्नास विकत घेतली. अंकल शेजाऱ्याला दर भेटीत सुनावतात, ‘तू वापरलीस आणि माझ्या अंगावर पाठवलीस!’ शेजारी म्हणतो, ‘सर्व्हिसिंग करून पाठवली होती.’ मग दोघं मिळून कुत्र्याच्या दातांबद्दल बोलतात.

अर्धा तास

फेब्रुवारी २०२५मधला एक रविवार. ०३३० झुलू. टोरांटो अंकल नाहीत.

पाच मिनिटं टोमणे झाले. दहा मिनिटांनी बाबांनी घड्याळ पाहिलं. गप्पा चालू होत्या, पण पातळ झाल्या होत्या. अर्धा तास झाला आणि कोइम्बतूर अंकल म्हणाले, ‘ओव्हरड्यू.’

याचा अर्थ मला नंतर कळला. लांबच्या फ्लाइटवर असताना पायलट ठरावीक वेळाने रेडिओवर दोन शब्द बोलतो : ‘ऑप्स नॉर्मल’. म्हणजे, सांगण्यासारखं काही नाही, मी आहे. एवढंच. तो कॉल ठरल्या वेळी आला नाही, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार तीस मिनिटांनी पहिला टप्पा सुरू होतो, अनिश्चिततेचा. शोधूनही पत्ता लागला नाही तर दुसरा, सावधतेचा. मग तिसरा, संकटाचा. कुणी घाबरायचं नाही, कुणी ‘येईल रे’ म्हणत बसायचं नाही. घड्याळ सांगेल तसं वागायचं.

आणि ते तसंच वागले. बाबांनी अंकलचा मोबाइल लावला, मेलबर्नने लँडलाइन. उत्तर नाही. दुबई अंकलची मुलगी मिसिसॉगाला राहते, तिला उठवलं. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले, बाहेर बर्फ. ती आणि तिचा नवरा गाडी काढून निघाले. बेल वाजवली, दार ठोठावलं, आत दिवा चालू. पोलिसांना बोलावून दार उघडलं. अंकल खाली बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनजवळ पडलेले होते, दुपारपासून. खुब्याचं हाड मोडलेलं, फोन वरच्या मजल्यावर.

शुद्धीत होते. ऑपरेशन झालं, आता वॉकर सुटून काठी आलीय. पुढच्या रविवारी हॉस्पिटलमधून कॉलवर आले. ‘ज्या लँडिंगनंतर स्वतःच्या पायांनी बाहेर येता येतं ते चांगलं लँडिंग’ अशी वैमानिकांत एक जुनी म्हण आहे. अंकल म्हणाले, ‘माझं त्यात बसत नाही.’ सगळे खो खो हसले. मग दुबई अंकलनी विचारलं, ‘जेवण कसं आहे तिथलं?’

‘खिचडी नाही मिळत,’ अंकल म्हणाले. आणि मग थोडं थांबून, पहिल्यांदाच : ‘ती असती तर ओरडली असती मला. बेसमेंटमध्ये चपला घालून जात नाही म्हणून.’

यावर कुणी काही बोललं नाही. कुणी फावड्यावरही गेलं नाही. बाबांनी फक्त म्हटलं, ‘रॉजर.’ तुझं पोचलं.

आपलं काय?

आता माझं बघा. मी फ्रीलान्सर. ऑफिस नाही, पंचिंग नाही, वन बीएचकेत एकटी. मी अर्धा तास गायब झाले तर कुणाच्या लक्षात येईल? फक्त एडिटरच्या, तेही डेडलाइनचा दिवस असेल तर! तुमचंही फार वेगळं नसणार. आपल्या पिढीला स्मॉल टॉक म्हणजे टाइमपास वाटतो. काही ‘बोलण्यासारखं’ असेल तेव्हाच फोन करायचा. ब्रेकअप, प्रमोशन, लग्न, ले-ऑफ. मधले सहा महिने सायलेन्स. पूर्वी आजी रोज विचारायची, ‘जेवलीस का?’, आणि आपण वैतागून ‘हो गं’ म्हणायचो. नीट बघितलं तर ‘जेवलीस का?’ हा अस्सल मराठी ‘ऑप्स नॉर्मल’ आहे. त्यात जेवणाशी फारसा संबंध नसतोच.

गेल्या काही महिन्यांपासून आम्ही मास कॉमच्या बॅचमधल्या चौघी रविवारी रात्री बोलतो. एक डब्लिनला, एक बेंगळुरूला, एक नागपूरला आणि मी. नियम दोनच. वेळ झुलूमध्ये, १६०० म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. आणि विषय जितका फालतू तितका चांगला. एक नियम मात्र अंकल लोकांकडे नाही तो आम्ही वाढवून घेतलाय : कुणी म्हणाली की ‘आज मला रडायचंय’, तर हवामान बंद. दोनदा वापरला गेलाय तो आतापर्यंत. एकदा मीच वापरला.

परवा डब्लिनवालीने नेहमीसारखी तक्रार केली, पाऊस आहे. नागपूरवालीने विचारलं, ‘किती ऑक्टा?’ ती म्हणाली, ‘आठ. बाकी काही विशेष नाही.’

रॉजर!